'सायलेंट स्प्रिंग' : आकडा कशातला?

रेचेल कार्सन यांचे हे पुस्तक १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. कीटकनाशकांचा विषय निघाला की त्याचे नाव हटकून येते. वाचलेले मात्र थोड्यांनीच असते.

पुस्तकाचे खरे बळ कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकच्या हकिकतीत आहे. चिलटांच्या बंदोबस्तासाठी १९४९ ते १९५७ या काळात या तलावात तीनदा डीडीडी हे डीडीटीच्या जातकुळीतले रसायन टाकले गेले. मात्रा नगण्य, नंतरच्या वेळी दहा लाख भागांत ०.०२ भाग. प्लवकांत ते ५ भाग भरले, तर मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत १६०० भाग! पक्षी मेले, पण रोग काही सापडला नाही. कार्सन आकडे एकामागून एक मांडतात. निष्कर्ष वाचकच काढतो.

उणिवाही आहेत. पहिल्याच प्रकरणातील गाव काल्पनिक असल्याने टीकाकारांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. दुसरी गोष्ट आपल्याला लागू पडते. डीडीडी चरबीत साठते. म्हणून चरबीतल्या आकड्याला पाण्यातल्या मात्रेने भागून '८०,००० पट' म्हणणे फसवे आहे. फळ्यावर अन्नसाखळीची शिडी काढताना आपण हे सांगतो का?

कार्सन यांनी रसायनांवर सरसकट बंदी मागितली नव्हती, विचार करून वापरा म्हटले होते. हे प्रकरण वर्गात जरूर वाचावे, आणि प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारावे : हा कशातला?