प्रवासवर्णने उदंड, निवासवर्णन कोठे?

आम्ही व्यवसायाने टीकाकार नव्हे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत आलेले कागद नोंदवावे, टिपणे लिहावी आणि वरिष्ठांच्या सहीसाठी पुढे करावी, एवढाच आमचा लेखनाशी रोजचा संबंध. तरीही वाराणसीत, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, दोन खोल्यांचे बिऱ्हाड करून चार वर्षे काढल्यावर मराठी वाङ्मयाविषयी एक तक्रार आमच्या मनात घर करून बसली आहे. तीत आम्ही स्वतःही आरोपी असल्यामुळे ती मांडण्याचा अधिकार आम्हांस पोहोचतो, असे वाटते. तक्रार अशी, की मराठीत प्रवासवर्णने उदंड आहेत. निवासवर्णने मात्र फारशी आढळत नाहीत.

हा दुसरा शब्द आम्ही सोयीसाठी वापरीत आहो. परक्या गावी पाहुणा म्हणून चार दिवस काढणारा जे लिहितो ते प्रवासवर्णन. त्याच गावी भाडे भरून, रेशनकार्डावर नाव घालून, मुलांना तेथल्या शाळेत धाडून राहणारा जे लिहील ते निवासवर्णन. पहिल्याचे भांडवल नवलाईचे असते. पु. ल. देशपांडे यांनी १९६० साली आपल्या पुस्तकास ‘अपूर्वाई’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी या वाङ्मयप्रकाराचे सारे मर्मच एका शब्दात सांगून टाकले. त्यांच्या हाती त्या शब्दाचे सोने झाले. परंतु त्यांच्यामागून आलेल्या अनेकांची गत अशी झाली, की अपूर्वाई ओसरली आणि त्याबरोबर लेखणीही थांबली. एखादे गाव रोजचे झाल्यावर त्याविषयी काय लिहावे, हे आपणांस कोणी शिकविलेच नाही.

आणि तरीही आपल्या उत्तम प्रवासग्रंथांची उत्तम पाने कोणती, हे पाहिले तर मौज वाटते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. चिंतामण विनायक वैद्य यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने वरसईचा हा भिक्षुक चुलत्याबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. पुढे गंगेची कावड घेऊन तो घरी परतला. या ग्रंथात तीर्थे आहेत, देवळे आहेत, दक्षिणेचे आकडे आहेत. परंतु वाचकाच्या मनात कायमची राहते ती झाशी. ती का राहते? १८५८ च्या वेढ्यात त्याला तेथून निघता येईना, म्हणून. तेथे तो प्रवासी उरलाच नाही. शहरावर जे कोसळले ते इतरांबरोबर त्याच्यावरही कोसळले. पाहणाऱ्याची लेखणी तेथे राहणाऱ्याची झाली, आणि तेथेच ती सर्वांत समर्थ झाली.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठी १८८६ साली त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि थोड्या दिवसांसाठी गेलेल्या बाई १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्याचे नावच बोलके आहे: ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. लोकस्थिती अगोदर, प्रवासवृत्त मागाहून! तेथील राज्यव्यवस्था कशी चालते, घरे कशी असतात, मुलींना शिक्षण कसे मिळते, स्त्रिया संस्था कशा चालवितात, याची त्या चौकशी करतात. त्यांची दृष्टी सर्वत्र निर्दोष आहे असे नव्हे. जे त्यांस घरी हवे होते ते तेथे दिसले, की त्यांचा सूर स्तुतीकडे झुकतो. परंतु त्यांनी त्या देशाकडे देखावा म्हणून पाहिले नाही, हे सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही लक्षात येते. आज अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या रमाबाईंच्या स्वप्नातही आली नसेल. १९८१ पासून तेथे बृहन्महाराष्ट्र मंडळही आहे. पण त्या मानाने रमाबाईंची वाट पुढे किती चालली गेली?

हे आम्ही केवळ ग्रंथांवरून बोलत नाही. आमचे एक मावसबंधू न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या दोन लाख वस्तीच्या शहरी राहतात. पहिल्या वर्षी त्यांनी नायगाऱ्याचे वर्णन धाडले. ते आम्ही आधी दहा ठिकाणी वाचलेले होते. सहाव्या वर्षी त्यांचे एक पत्र आले, त्यात एकही प्रेक्षणीय स्थळ नव्हते. घरासमोरच्या पायवाटेवरचे बर्फ पहाटे उठून कसे उपसावे लागते. मोटार बिघडली की माणूस कसा पांगळा होतो. आणि शेजारचे वृद्ध गृहस्थ आयुष्यभर कोडॅकच्या कारखान्यात होते, त्या कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ते आपल्या ओसरीवर किती वेळ नुसते बसून होते, एवढेच त्यात होते. ते पत्र आम्ही तीनदा वाचले. रॉचेस्टर हे मध्यम आकाराचे शहर आम्हांस प्रथमच कळले. ‘हे छापावयास द्या,’ असे आम्ही कळविले. उत्तर आले, ‘यात लिहिण्यासारखे काय आहे?’

नेमका हाच प्रश्न आम्ही काशीविषयी स्वतःला विचारीत आलो. आमच्या खिडकीपासून पाच मिनिटांच्या आत शिंदे घाट आहे. तो बायजाबाईंनी बांधविला. ज्यांच्या यज्ञाच्या आशेने गोडसेभटजी घर सोडून निघाले, त्याच या बायजाबाई. पलीकडे मणिकर्णिका, अलीकडे नागपूरकरांचा भोसले घाट. अशा ठिकाणी राहून लिहावयाचे नाही तर कोठे? म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही एक लेख सिद्ध केला. त्यात सूर्योदय होता, कललेले रत्नेश्वर मंदिर होते, चितांचा धूर होता आणि त्यावरून मानवी जीवनाच्या नश्वरतेचे दोन परिच्छेद होते. खालच्या मजल्यावर एक मराठी आजी राहतात. त्यांचा जन्म दुर्गाघाटावरचा; पाच पिढ्यांत त्यांच्या घरातले कोणी महाराष्ट्रात राहिलेले नाही. त्यांना आम्ही तो लेख मोठ्या उत्साहाने वाचून दाखविला. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

“छान लिहिलंयस रे. पण हे यात्रेकरूचं झालं. तू इथं राहतोस, ते यात कुठंच नाही.”

आम्ही म्हणालो, “आजी, राहण्यात सांगण्यासारखं काय असतं?”

“का? नळाला पाणी किती वाजता येतं, माकडांनी वाळवण किती वेळा नेलं, गल्लीत माती आली की दुधवाला सायकल कुठं टेकवतो, हे कोण लिहिणार? माझी सारी उमर त्यातच गेली.”

मराठी साहित्यावर इतकी नेमकी टीका आम्ही अन्यत्र वाचलेली नाही. ‘माती’ म्हणजे येथे प्रेतयात्रा. तिला पाहून यात्रेकरूस वैराग्य येते. येथला रहिवासी भिंतीला पाठ लावून वाट देतो, हात जोडतो आणि भाजीची पिशवी उचलून पुढे चालू लागतो. या दोन्हींत खोल कोणते, याचा निवाडा आम्ही करू शकत नाही. परंतु दुसरे आपल्या भाषेत लिहिले गेलेले आमच्या वाचनात नाही, एवढे खरे. यात्रेकरूस गंगा म्हणजे पावित्र्य. आमच्या गल्लीस ऑगस्टमध्ये ती एक आकडा असते: ७१.२६२ मीटर, ही धोक्याची पातळी. पाणी तिकडे चढू लागले, की मणिकर्णिकेचे दहन वरच्या गच्च्यांवर हलते, नावा बंद होतात, आणि आजी १९७८ सालच्या ७३.९०१ मीटरची गोष्ट पुन्हा सांगू लागतात. पूर ओसरला की पायऱ्यांवरचा गाळ पंपाने धुण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालते. त्या गाळाचा वास कोणत्या मराठी पुस्तकात आहे?

कोणी म्हणेल, काशीतल्या मराठी माणसांनी लिहिले नाही काय? लिहिले. एकनाथांनी १५७३ साली एकादश स्कंधावरील आपली टीका येथेच पूर्ण केली. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ साली काशीतच जन्मले, आणि १९२० साली निघालेल्या ‘आज’ दैनिकातून त्यांनी हिंदी पत्रकारितेस वळण लाविले. पण एकनाथांच्या लेखनाचा विषय काशीचा संसार नव्हता, आणि पराडकरांची भाषा मराठी राहिली नाही. राहणाऱ्याने शहराची भाषा घ्यावी हे स्वाभाविक आणि योग्यच; त्याबद्दल खंत नाही. हिंदीने काशीनाथ सिंहांच्या ‘काशी का अस्सी’त बनारसचा नाका, चहाचे दुकान आणि तेथली भांडणे यांना ग्रंथात स्थान दिले. खंत आहे ती ही, की मराठी राहिली केवळ येणाऱ्या-जाणाऱ्यांची.

हे मासिक वाचणारे बहुतेक आमच्यासारखेच बदलीचे धनी. भोपाळ, कानपूर, शिलाँग, जबलपूर अशा गावी आपण तीन-चार वर्षे काढतो, आणि लिहावयास बसलो की कोकणातल्या आजोळाविषयी तरी लिहितो, नाही तर रजेत पाहिलेल्या स्थळाविषयी. ज्या गावाने आपला पगार, आपले आजारपण आणि आपल्या मुलांची पहिली अक्षरे पाहिली, ते गाव मात्र तसेच मागे राहते. आपण गेल्यावर तेथे आपण होतो याची खूण कचेरीच्या हजेरीपटातच काय ती उरते.

आमच्या बदलीचा हुकूम गेल्या आठवड्यात आला. महानगरी एक्सप्रेसची तिकिटे काढून झाली, ट्रंका अर्ध्या भरल्या आहेत. तो जुना लेख आम्ही फाडून टाकला, आणि पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवून पहिल्या पानावर लिहिले: ‘नळाला पाणी पहाटे साडेचारला येते.’ पुढचे वाक्य अद्याप सुचलेले नाही. आजींना विचारावयास हवे. हाती अजून अकरा दिवस आहेत.