भूक लिहिली, ताट कधी लिहिणार?

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं, ते त्यात कृतीसकट लिहिलंय. नावातच टोला आहे. श्लोक म्हणून जेवायला बसणाऱ्यांचं अन्न पूर्णब्रह्म, आपलं अपूर्ण. मराठीत पाककृतींची पुस्तकं ढिगानं आहेत, त्यात आपली चूल शोधून सापडायची नाही. आपल्या कवितेतही भूक भरपूर, ताट कमीच. पाटोळ्यांनी ताट मांडलं, ही मोठी गोष्ट झाली.

पण दोस्तहो, हे पुस्तक मिटक्या मारत वाचायचं नाही. चान्या ही कुणाची हौस नव्हती. मांस मिळायचं ते एका दिवशी, मग कित्येक दिवस नाही. म्हणून पट्ट्या कापून वाळवायच्या. दुसऱ्यानं टाकलेल्यातून अंगाला लागणारं अन्न काढायचं, ही आपल्या आयांची अक्कल. कौतुक अकलेचं करा, दारिद्र्याचं नको.

आता हे पुस्तक घेऊन आजच्या वस्तीत या. गाय कापायला 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच. 2015 च्या मार्चात बैल आणि वळूही त्यात घातले. म्हशीचं तेवढं राहिलं. गरिबाचं स्वस्त मटण असं आकसत गेलं, आणि त्या जागी काय द्यायचं ते कुणी बोललं नाही.

रेशनवर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. 2023 च्या जानेवारीपासून ते फुकट आहे. ते पाहिजेच, त्यावरच कित्येक चुली पेटतात. पण नुसत्या गहू-तांदळानं पोट भरतं, अंग भरत नाही. डाळ, तेल, अंडं त्या 5 किलोत नाही. शाळेत 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. 2025 च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे बंद केले. पोराला वर्षभर नीट अंडं मिळालं नाही तोच हिशेब मिटला.

आमच्या पाळीतला पोरगा सुट्टीत वडापाव खातो, कारण गेटसमोर तोच आहे. बाई कामावरून येते तेव्हा कोपऱ्यावरची भाजी सुकलेली असते, आणि पाच रुपयांची पुडी मात्र कडक. लेकरू पुडी मागतं. 'यांना खायची अक्कल नाही' असं म्हणणाऱ्यानं आधी कोपऱ्यावर काय विकायला आहे ते बघावं.

म्हणून लिहिणाऱ्या पोरांनी रेशन दुकानाचा फलकही वाचायला शिकावं. त्याच कायद्याच्या 29 व्या कलमात दक्षता समिती आहे. आपल्या भागात तिच्यावर कोण आहे, ती शेवटची कधी बसली, हे जाऊन विचारा. भरडधान्य कायद्यात आहे, तर ज्वारी-बाजरी बारा महिने मागा. डाळ-तेल हक्कानं मागा, शाळेतलं अंडं परत मागा.

पाटोळ्यांनी गावकुसाबाहेरचं ताट लिहिलं. शहरातल्या वस्तीचं ताट आपण लिहायचंय. लिहिताना बाजूला भावही लिहा, म्हणजे मोर्चात तोच कागद कामाला येईल.