सरडा नव्हे, तुआतारा

लक्ष्मीपूजनाला आपण चौरंगावर नाणी मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो. पण त्यांवरचे चित्र निरखून पाहणारा विरळाच. नाणे खर्चायचे असते, वाचायचे नव्हे, अशी आपली समजूत. यंदा मात्र एका संग्राहक स्नेह्याच्या डबीतल्या नाण्याने मला बराच वेळ धरून ठेवले. न्यूझीलंडचे ते पाच सेंट. व्यास जेमतेम १९ मिलिमीटर, वजन तीन ग्रॅमलाही कमी. एका बाजूस राणी एलिझाबेथ. दुसऱ्या बाजूस खडकावर बसलेला, पाठीवर काट्यांची रांग असलेला एक प्राणी.

पाहणारा त्याला सरडाच म्हणेल. पण हा तुआतारा. त्याच्या कुळातले बाकीचे सारे प्राणी सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. हा एकटा मागे राहिला. माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी मुख्य भूमीवरून त्याचा वंश पुसून टाकला आणि तो किनाऱ्यापलीकडच्या लहान बेटांवर तेवढा तगला. १८९५ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

१९६७ साली न्यूझीलंडने दशमान चलन स्वीकारले, तेव्हा हे चित्र जेम्स बेरी यांनी काढले. त्याआधी १९६६ मध्ये काही योजलेली चित्रे वृत्तपत्रांतून फुटली होती आणि त्यांतल्या रग्बी खेळाडूची लोकांनी मनसोक्त टर उडवली होती. त्या पार्श्वभूमीवर बेरींचा संयम विशेष जाणवतो. त्यांचा तुआतारा जबडा वासत नाही, झेप घेत नाही. तो नुसता बसला आहे. ज्याची अंडी उबायलाच वर्षभर लागते, त्या प्राण्याला हीच बैठक शोभते.

तरीही या चित्रात एक उणीव आहे, असे मला वाटते. हा खडक त्याचे घर आहे की शेवटचा आसरा, हे नाणे सांगत नाही. हद्दपार झालेल्याला ते सुखवस्तू गृहस्थासारखा बसवते. चलनावरच्या चित्राचा हा जुना दोष: जे दुर्मीळ आहे ते लाखो प्रतींनी इतके सवयीचे होते, की त्याची दुर्मिळताच विसरायला होते.

पण नाणे पालटून पाहावे. राणीची मुद्रा १९८६ मध्ये बदलली, १९९९ मध्ये पुन्हा बदलली. प्रत्येक वेळी ती अधिक प्रौढ झाली. तुआतारा मात्र एकोणचाळीस वर्षे तसाच. शिल्पकाराच्या मनात नसलेला हा अर्थ काळाने नाण्यावर कोरला, आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो.

पुढे महागाईने पाच सेंटांना काही किंमत उरू दिली नाही. १ नोव्हेंबर २००६ पासून ते चलनातून बाद झाले. आपल्याकडेही पंचवीस पैशांवरचा गेंडा २०११ साली असाच खिशातून निघून गेला, आणि आपल्याला चुकल्यासारखेही वाटले नाही.

आता हे नाणे संग्राहकांच्या डब्यांत आहे. तिथे चकचकीत, न वापरलेल्या प्रतीला मान. माझा कौल मात्र झिजलेल्या प्रतीला. मुलांनी मुठीत धरलेले, दुकानदाराने गल्ल्यात टाकलेले नाणेच आपले काम करून आलेले असते. बेटावर कधी न गेलेल्या कितीतरी माणसांची तुआताराशी रोजची गाठ या पाच सेंटांनीच घालून दिली. ती गाठ आता सुटली. हे नुकसान लिलावातल्या किमतीने भरून निघणारे नव्हे.

प्राण्याची कथा मात्र नाण्याबरोबर संपलेली नाही. २००५ साली वेलिंग्टनच्या कुंपण घातलेल्या अभयारण्यात तुआतारा मुख्य भूमीवर परत आणले गेले. २००९ साली इन्व्हरकार्गिलच्या संग्रहालयातला हेन्री, वय एकशे अकराच्या घरात, अकरा पिल्लांचा बाप झाला! काळजी अजून आहेच. जमीन तापली की अंड्यांतून नरच अधिक निपजतात, आणि पृथ्वी तर तापतेच आहे. त्या पिल्लांनाही हेन्रीएवढे आयुष्य लाभले तर ती पुढल्या शतकात असतील. तोवर त्यांच्या पायाखालची माती किती तापते, यावर सारे अवलंबून आहे.

डबी मी स्नेह्याला परत केली. घरी येऊन चौरंगावरची आपली नाणी मात्र प्रथमच एकेक करून उजेडात धरली.