दुकानाची काच आणि आतला माल

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम आणि डर्बी या शहरांमध्ये फार तर पंचवीस किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीकडे ब्रायन क्लफ या फुटबॉल मॅनेजरचा पुतळा आहे. नॉटिंगहॅमच्या भर वस्तीत २००८ साली बसवलेल्या पुतळ्यात क्लफ एकटा आहे, दोन्ही हात डोक्यावर एकमेकांत गुंफलेले, नुकतंच काहीतरी जिंकल्यासारखा. डर्बीत स्टेडियमबाहेर २०१० साली बसवलेल्या पुतळ्यात मात्र त्याच्या शेजारी आणखी एक जण आहे. तो पीटर टेलर, त्याचा असिस्टंट. या दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याचं नाव आहे 'ब्रायन क्लफ वे'. म्हणजे एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दोन आणि मधल्या अख्ख्या रस्त्यावर नाव एकाचंच.

फुटबॉल क्लबच्या कोचिंग स्टाफबद्दल आपण ज्या गोष्टी सांगतो, त्या बहुतेक या रस्त्यासारख्याच असतात. रात्री जागून मॅच बघणाऱ्या कुणालाही विचारा. मॅनेजरचं नाव लगेच सांगेल. त्याच्या मागच्या बाकावर टॅब्लेट घेऊन बसलेल्या माणसाचं विचारा, तर गाडी अडते. आज मोठ्या क्लबात असिस्टंट असतो, गोलकीपरचा कोच असतो, फिटनेसवाला असतो, व्हिडिओ बघून समोरच्या संघाची चिरफाड करणारा अ‍ॅनलिस्ट असतो, फक्त कॉर्नर आणि फ्री-किकसाठी वेगळा कोच असतो. लिव्हरपूलने तर २०१८मध्ये थ्रो-इन शिकवायला थॉमस ग्रोनेमार्क नावाचा स्वतंत्र माणूस आणला होता. पण गोल झाला की कॅमेरा वळतो तो रेषेजवळ उभ्या एकाच माणसाकडे.

या 'दुसऱ्या' माणसाला पडद्यावर मध्यभागी आणणाऱ्या दोन कलाकृती मला फार आवडतात. एक 'द डॅम्ड युनायटेड' हा चित्रपट आणि दुसरी 'टेड लासो' ही मालिका. दोन्ही मी अनेकदा पाहिल्यात. आणि दरवेळी त्या मला एकाच जागी टोचतात. (पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय. पाहिलं नसेल तर आधी पाहून या.)

गुडघ्यावर बसलेला मॅनेजर

'द डॅम्ड युनायटेड' हा टॉम हूपरने दिग्दर्शित केलेला २००९चा चित्रपट. डेव्हिड पीसच्या २००६च्या कादंबरीवरून पीटर मॉर्गनने पटकथा लिहिली. मायकल शीन क्लफ झालाय आणि टिमथी स्पॉल टेलर.

गोष्ट १९७४ची. क्लफ आणि टेलर या जोडीने डर्बीसारखा दुसऱ्या डिव्हिजनमधला संघ उचलून १९७२मध्ये इंग्लंडचा विजेता करून दाखवलेला. मग दोघांनी मिळून ब्रायटनची नोकरी धरली. तेवढ्यात क्लफला लीड्स युनायटेडचं बोलावणं आलं. ज्या संघाला तो जाहीरपणे दांडगट आणि लबाड म्हणत आला होता, तोच संघ. क्लफ गेला. टेलर नाही गेला, ब्रायटनला थांबला. लीड्समध्ये क्लफ ४४ दिवस टिकला. लीगच्या सहा मॅचपैकी एक जिंकला.

चित्रपटाची खरी चलाखी अशी की हे ४४ दिवस तो टेलरच्या गैरहजेरीतून दाखवतो. क्लफ बोलतो, पण त्याच्या बोलण्यावर हसायला शेजारी कुणी नाही. तो चुकतो, पण 'गप बस आता' म्हणणारं कुणी नाही. क्लफ स्वतः म्हणायचा की मी दुकानाची काच आहे आणि पीटर म्हणजे आतला माल. लीड्समध्ये आपल्याला दिसतं ते माल नसलेलं दुकान. शीनने ही पोकळी फार सुंदर पकडलीय. आवाज चढा, मान ताठ, आणि डोळे सतत दाराकडे.

शेवटी क्लफ ब्रायटनला टेलरच्या दारात जातो आणि अक्षरशः गुडघ्यावर बसून माफी मागतो. वरचा माणूस खालच्याची माफी मागतोय, हे दृश्य खेळावरच्या सिनेमांत मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रडले होते.

मग मी खऱ्या टेलरबद्दल वाचायला लागले आणि ते रडू जरा महागात पडलं.

सिनेमाने गाळलेला टेलर

चित्रपटाने तथ्यांशी खेळ केला हे जुनंच प्रकरण आहे. क्लफच्या कुटुंबाला हा सगळा प्रकार आवडला नाही. लीड्सचा खेळाडू जॉनी जाइल्स कादंबरीविरुद्ध कोर्टाची पायरी चढला आणि पुढच्या आवृत्तीत बदल करायला लावले. मला तारखा इकडच्या तिकडे केल्याचं दुःख नाही. दाराशी झालेला समेट ही तर सोयीची कल्पनाच आहे. प्रत्यक्षात क्लफ जानेवारी १९७५मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला आणि टेलर त्याच्याकडे आला तो १९७६च्या जुलैमध्ये. सिनेमात एवढं चालतं. माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटाने टेलरमधून त्याची भूक काढून घेतली.

स्पॉलचा टेलर प्रेमळ आहे, घाबरट आहे, घरच्या माणसासारखा आहे. त्याला फक्त शांतता हवी असते. खरा टेलर असा नव्हता. तो जुना गोलकीपर. मिडल्सब्रोत दोघे एकत्र खेळायचे, तेव्हापासून क्लफमधला गुण त्याने ओळखलेला. खेळाडू हेरण्यात त्याची नजर घारीची. केनी बर्न्स नावाचा एक भांडकुदळ, बदनाम खेळाडू फॉरेस्टला घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी टेलर म्हणे कुत्र्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लपूनछपून त्याच्या मागावर राहिला, तो किती पितो, किती पैसे लावतो हे बघायला. घेतला. पुढे खेळणाऱ्या बर्न्सला मागे बचावात आणलं. १९७८मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्यालाच वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. त्याच वर्षी फॉरेस्ट इंग्लंडचं विजेतं झालं. त्यानंतर १९७९ आणि १९८०, सलग दोनदा युरोपियन कप.

आणि या माणसाला आपलं नाव हवं होतं. १९८०मध्ये त्याने क्लफबरोबरच्या वर्षांवर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून दोघांत बिनसलं. १९८२मध्ये त्याने फॉरेस्ट सोडलं, निवृत्त झालो म्हणाला आणि काही महिन्यांत डर्बीचा मॅनेजर होऊन परतला. १९८३मध्ये त्याने क्लफचा लाडका जॉन रॉबर्टसन डर्बीला नेला. पहिल्या युरोपियन फायनलमध्ये गोलसाठी पास देणारा आणि दुसऱ्या फायनलमध्ये स्वतः गोल मारणारा रॉबर्टसन. त्यानंतर क्लफ आणि टेलर एकमेकांशी बोलले नाहीत. १९९०मध्ये टेलर गेला, तोवर नाहीच.

म्हणजे खरी गोष्ट सिनेमापेक्षा किती तरी अवघड आहे. टेलरशिवाय क्लफने दोन लीग कप जिंकले, पण पुन्हा ना इंग्लंडचं विजेतेपद ना युरोपियन कप. क्लफशिवाय टेलरला ना ब्रायटनमध्ये जमलं ना डर्बीत. दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघांनाही ती गरज सलत होती. चित्रपट आपल्याला फक्त क्लफचं सलणं दाखवतो. टेलरचं सलणं दाखवलं असतं तर तो आपल्याला इतका गोड वाटला नसता, अशी भीती लेखकाला वाटली असावी.

केस पांढरे झालेला नेट

'टेड लासो'ने (२०२० ते २०२३, पहिले तीन सीझन) नेमकी उलटी वाट धरली. इथे दुसऱ्या माणसाला भूक आहे.

नेट शेली रिचमंड या काल्पनिक क्लबचा किटमन. खेळाडूंचे कपडे, बूट सांभाळणारा. पहिल्याच एपिसोडमध्ये टेड त्याला नाव विचारतो आणि नेट गडबडून जातो, कारण त्याला नाव कुणी विचारतच नाही. हा प्रसंग मालिकेचा सगळ्यात सुंदर वायदा आहे. पहिला सीझन संपताना नेट असिस्टंट कोच होतो. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्या डावपेचांनी मॅच जिंकल्या जातात. आणि मग त्याला वाटायला लागतं की हे माझं आहे, पण टेडच्या नावावर जमा होतंय.

हा प्रश्न खरा आहे. मालिका मात्र त्याचं उत्तर देत नाही, नेटचं निदान करते. त्याला प्रेम न दाखवणारे वडील आहेत, न्यूनगंड आहे, ट्विटरचं व्यसन आहे. एपिसोडगणिक त्याचे केस पांढरे होत जातात, म्हणजे खलनायक ओळखायला आपल्याला अडचण नको. तो टेडचं गुपित पत्रकाराला फोडतो, भिंतीवरची 'बिलीव्ह'ची पाटी फाडतो आणि टेडच्या विरोधकाकडे मॅनेजर म्हणून निघून जातो. तिसऱ्या सीझनमध्ये परततो तो किटमनचा मदतनीस होऊन. पुन्हा कपड्यांच्या खोलीत. टेडसमोर रडत माफी मागतो, टेड मिठी मारतो.

दोन माफ्या शेजारी ठेवून बघा. टेलरने स्वतःसाठी काही मागितलेलं नाही, म्हणून क्लफ त्याच्या पाया पडू शकतो. नेटने मागितलं, म्हणून त्याला पाया पडावं लागतं. पडद्यावर दुसऱ्या माणसाला दोनच भूमिका मिळतात: समाधानी असाल तर संत, नाव हवं असेल तर गद्दार.

मालिकेतला संत म्हणजे कोच बिअर्ड. खेळाची सगळी माहिती त्याला, बोलायचं टेडने. त्याला स्वतःचा असा एक एपिसोड मिळतो, पण त्यातही तो लंडनमध्ये रात्रभर भटकतो. त्याचं काम काय, तो संघ कसा वाचतो, यावर त्या एपिसोडमध्ये जवळपास काही नाही.

न्यायाने सांगायचं तर तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये मालिकेला हे उमगतं. क्लबवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात टेडचं आडनाव असतं. टेड लेखकाला सुचवतो की नाव बदल, ही माझी गोष्ट नाही. पुस्तकावर रिचमंडचं नाव येतं. सुंदर आहे. पण 'ही माझी गोष्ट नाही' असं म्हणायची ऐट कुणाला परवडते? ज्याचं नाव आधीच मुखपृष्ठावर छापलेलं असतं त्याला.

तीन सेकंदांचा काळोख

मी एवढी नेटच्या बाजूने का भांडतेय, ते सांगायला हवं.

कॉलेजात मी एका एकांकिकेची सहायक दिग्दर्शक होते. तालमी मी घ्यायचे. मधला एक आख्खा प्रसंग मी बसवला होता. बक्षीस दिग्दर्शकाला मिळालं. स्टेजवर तो 'माझी टीम' म्हणाला, नाव कुणाचंच घेतलं नाही. मी कित्येक महिने त्याच्याशी बोलले नाही. 'टेड लासो'चा दुसरा सीझन पाहताना माझ्या तोंडून नेटसाठी शब्दशः टाळी निघाली होती.

त्या एकांकिकेच्या शेवटी एक काळोख होता. संवाद संपल्यावर लगेच पडदा नाही, तीन सेकंद मिट्ट काळोख आणि मग टाळ्या. लोक अजून त्याची आठवण काढतात. 'ती माझी आयडिया,' असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. मागच्या वर्षी जुने सगळे भेटलो तेव्हाही सांगितलं. शेजारी लाइट्स करणारा मुलगा बसला होता. तो काही बोलला नाही, फक्त हसला. तेव्हा आठवलं. ती कल्पना त्याची होती. मी तर आधी नको म्हणाले होते.

त्यानंतर मी 'द डॅम्ड युनायटेड' पुन्हा लावला आणि पहिल्यांदाच जिमी गॉर्डनकडे लक्ष गेलं. गॉर्डन हा ट्रेनर. डर्बीत क्लफ-टेलरबरोबर होता. लीड्सला टेलर गेला नाही, पण गॉर्डन गेला. पुढे फॉरेस्टलाही तोच. रोज सकाळी मैदानावर खेळाडूंकडून सराव करून घेणारा माणूस. 'लीड्समध्ये क्लफ एकटा पडला' असं म्हणताना आपण त्याला सरळ मोजतच नाही. हा सिनेमा दुसऱ्या माणसाला न्याय देतो आणि तिसऱ्याला विसरतो. मीही तेच केलं होतं. नेटसारखी रुसले आणि क्लफसारखी वागले.

म्हणून 'श्रेय सगळ्यांचं असतं' हे गुळगुळीत वाक्य मला पटत नाही. सगळ्यांचं म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. टीम हा शब्द फार सोयीचा आहे.

खऱ्या फुटबॉलमध्ये मात्र चित्र थोडं हलतंय. मिकेल आर्टेटा मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओलाचा असिस्टंट होता. २०१९च्या डिसेंबरमध्ये आर्सेनलचा मॅनेजर झाला आणि पुढे २०२३ आणि २०२४ असे सलग दोन सीझन गुरूच्या संघामागे दुसरा आला. त्याला कुणी गद्दार म्हटलं नाही, त्याचे केसही पांढरे दाखवले नाहीत. त्याच्याकडचा कॉर्नरचा कोच निकोलस जोव्हर तर इतका लाडका झाला की आर्सेनलच्या मैदानाजवळच्या भिंतीवर त्याचं चित्र रंगवलं गेलं. फॉरेस्टच्या मैदानावर आज एका बाजूला ब्रायन क्लफ स्टँड आहे आणि समोर पीटर टेलर स्टँड. जिवंतपणी बोलायचे थांबलेले दोघे आता समोरासमोर आहेत. पटकथाकारांनी यातून काही घ्यायला हरकत नाही. नाव मागणारा, तरीही भला असलेला असिस्टंट मला एकदा पडद्यावर बघायचाय.

हा लेख लिहिताना मी त्या लाइट्सवाल्या मित्राला मेसेज केला. काळोखाचं सगळं लिहितेय, तुझं नाव टाकू का, म्हणून विचारलं. नाव राहू दे म्हणाला. मग दोन मिनिटांनी आणखी एक मेसेज आला.

'पण तीन नाही, चार सेकंद होते. तेवढं नीट लिही.'