‘जी. आर.’ म्हणजे गोंड रामजी? एका कोरीव तमंच्यावरच्या टिपणाविषयी

मंडळाच्या मागच्या बैठकीत एक टिपण वाचलं गेलं. विषय होता जैनथ भागातल्या एका घरी माळ्यावर सापडलेला ठासणीचा तमंचा. टिपण मेहनतीनं लिहिलंय, फोटोही चांगले आहेत. पण त्यातले दोन्ही निष्कर्ष मला पटले नाहीत. पहिला, हा तमंचा रामजी गोंडांचा. दुसरा, त्याची किंमत कोटीत. टिपण ऐकल्यावर त्या घरी जाऊन मी वस्तू हातात घेऊन पाहिली, म्हणून हे लिहितोय.

घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर मुकुट आहे, त्याखाली ‘जी’ आणि ‘आर’ ही रोमन अक्षरं. लेखकांनी ती ‘गोंड रामजी’ अशी वाचली. पण त्याच पट्टीच्या मागच्या टोकाला ‘टॉवर’ असा शब्द आहे, त्याचा टिपणात उल्लेखच नाही. तो शब्द लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराचा आणि ‘जी. आर.’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘जॉर्ज राजा’. अशी खूण हजारो ब्रिटिश लष्करी बंदुका-पिस्तुलांवर सापडते. चौथा जॉर्ज १८३० मध्ये वारला. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली, तेव्हापासून अक्षरं ‘व्ही. आर.’ झाली. म्हणजे खूण खरी असेल तर पट्टी १८३० किंवा त्याआधीची. ‘असेल तर’ म्हणायचं कारण, ‘टॉवर’चा ठसा मारलेल्या नकलाही बाजारात भरपूर आहेत.

मग रामजींचा संबंध खोटाच का? तसंही मी म्हणत नाही. निर्मळचा उठाव १८५७ नंतरचा, आणि जुनी शस्त्रं तीस-चाळीस वर्षं हातोहात फिरत. हा तमंचा त्या धामधुमीत कुणाच्या कमरेला असूही शकेल. पण ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ यांत जे अंतर आहे, ते टिपणानं एका उडीत पार केलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर एकोणिसाव्या शतकात मुकुट धरलेला सिंह असे. तो असता तर निदान हिंदुस्थानातल्या फौजेशी नातं जोडता आलं असतं. इथं सिंह नाही.

आता कोरीवकाम. नळीवर आणि पट्टीवर वेलबुट्टी आहे, आणि टिपण म्हणतं ‘म्हणून सरदाराचं शस्त्र’. फौजेत वाटलेली पिस्तुलं साधी असत. खूण, कडेची रेघ, बस्स. भिंगातून पाहिलं तर वेलीचं एक पान मुकुटाची डावी कड कापून गेलेलं दिसतं. म्हणजे ठसा आधीचा, वेल नंतरची. पुढच्या कुणा मालकानं किंवा व्यापाऱ्यानं ती काढून घेतली असणार. लष्करी वस्तूवर मागाहून केलेली नक्षी तिचा भाव वाढवतेच असं नाही; संग्राहक बहुधा ते नुकसान धरतात.

किमतीसाठी टिपणात टिपू सुलतानाच्या शस्त्रांचा दाखला आहे. २०१५ मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात त्यांचा एक संग्रह साठ लाख पौंडांवर गेला, हे खरं. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत निजामाची फौजही होती, तेव्हा आपल्या मुलखाशी धागा लागतो, हेही खरं. पण टिपूची शस्त्रं त्याच्या स्वतःच्या कारखान्यातली. वाघाचे पट्टे, ‘हैदर’ हे अक्षरचिन्ह, मौलुदी सन, आणि त्या सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. तिथली नक्षी हाच दाखला आहे. इथली नक्षी दाखला पुसते.

शिवाय लंडनचा भाव इथं लावून उपयोग काय? १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शस्त्र कायद्याचं ४५ वं कलम जुन्या शस्त्रांना सूट देतं, पण दुरुस्तीनंतरही झाडता येणार नाही अशांनाच. तेव्हा विक्रीआधी परवान्याच्या कचेरीत विचारायला हवं.

हे मी एवढं का ताणतोय? त्या घरच्या आजींनी मला विचारलं, “बाबा, हे विकून पोरीचं कॉलेज निघंल का?” कोटीचा आकडा त्यांच्या कानावर आपल्याच मंडळातून गेला. नातवानं तर लखलखीत करायला पॉलिश पेपर आणून ठेवला होता; घासलं असतं तर ठसाच गेला असता.

आपल्या देवळातल्या शिलालेखाचंही असंच झालंय. प्रवासमाहितीत तो ‘प्राकृत’ आणि ‘पल्लवांचा’ म्हणून फिरतो. लेख संस्कृतात आहे, सूर्याला नमन करून सुरू होतो, आणि नाव येतं परमार जगद्देवाचं. कुणीतरी न वाचता लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. तमंच्याचं तसं होऊ नये.

टिपणाच्या लेखकांना माझी विनंती: दुसरा मसुदा लिहा. सगळ्या खुणांचे जवळून फोटो द्या, नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास मोजा. आणि आजींना विचारून घ्या, वस्तू घरात कुणी आणली, कधी, कुठून. निजामाच्या काळात घरात कुणी चाकरीला होतं का, तेही विचारा. ठशातून कारखाना कळेल. माणूस कळायचा तर तो आजींच्या आठवणीतून आणि जुन्या कागदांतून. रामजी गोंडांना चुकीच्या अक्षरांचा आधार लागत नाही.