‘अराउंड द कॉर्नर’ : वळण समजले, चिखल राहिला

मोटारीचा डिफरन्शियल शिकवायचा म्हटले की अनेक शिक्षक एका जुन्या लघुपटाकडे वळतात. अमेरिकेतील जॅम हॅंडी संस्थेने १९३७ साली शेव्हरोले कंपनीसाठी काढलेला ‘अराउंड द कॉर्नर’ हा तो लघुपट. तो कृष्णधवल असून साधारण नऊ मिनिटांचा आहे. इंटरनेटवरील प्रेलिंगर संग्रहात तो विनामूल्य पाहता येतो. मूळ हेतू मोटारी खपवण्याचा असूनही एखादे यंत्र समजावून देण्याचा इतका स्वच्छ नमुना आम्ही क्वचितच पाहिला आहे. तरीही त्याबद्दल आमची एक तक्रार आहे, आणि ती त्यातील सर्वांत उत्तम दृश्याबद्दलच आहे.

सुरुवातीची सुमारे दोन मिनिटे मोटारसायकलस्वारांच्या कवायतीत जातात. मुलांना ती आवडतात. वेळ कमी असेल तर गाळावी. मुद्दा एवढाच की, एका ओळीतले स्वार वळतात तेव्हा बाहेरच्याला जास्त अंतर तोडावे लागते. मोटारीच्या दोन मागच्या चाकांचेही तसेच. ती एकाच सलग आसावर घट्ट बसवली तर वळणावर त्यांपैकी एकाला घसरावेच लागेल. म्हणून आस मधोमध तोडायचा. पण मग दोन्ही अर्ध्यांना एकाच इंजिनाने कसे फिरवायचे?

येथून लघुपटाची खरी करामत सुरू होते. दोन अर्ध्या आसांच्या आतल्या टोकांना आरे लावलेले आहेत. एक साधी आडवी पट्टी दोन्हीकडच्या आऱ्यांना एकाच वेळी ढकलते आणि दोन्ही चाके फिरतात. मग एक चाक हाताने धरून ठेवतात. पट्टी मधल्या खिळीवर कलते आणि दुसरे चाक फिरतच राहते. पुढे एका पट्टीच्या अनेक पट्ट्या होतात, आऱ्यांची संख्या वाढते, ते आखूड व जाड होतात, आणि पाहता पाहता समोर दंतचक्रे उभी राहतात. गिअर हा शब्द येण्यापूर्वीच गिअर कळलेला असतो. आधी गरज, मग साधा उपाय, मग त्यातील उणीव, मग सुधारणा, हा क्रम कोणत्याही पाठाला शोभेल असा आहे. पहिल्याच तासाला डिफरन्शियलचा उभा छेद फळ्यावर काढून त्याला सोळा नावे देणाऱ्यांनी हा लघुपट दोनदा पाहावा.

आता आमची तक्रार. एक चाक धरून ठेवले की दुसरे फिरते, हे लघुपट गुण म्हणून दाखवतो. पण हेच दृश्य पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर दिसते तेव्हा? ट्रकचे एक मागचे चाक कोरड्या जमिनीवर निश्चल उभे असते आणि दुसरे चिखलात गरगर फिरत असते. क्लीनर चाकाखाली दगड, फांद्या, गोणपाट घालत असतो. ज्या यंत्राने गाडी वळवली तेच यंत्र तिला येथे अडवून बसले आहे. लघुपट त्या दृश्यापर्यंत येतो, कौतुक करतो आणि पुढे निघून जातो. शेवटी प्रोपेलर शाफ्ट खाली आणून गाडीच्या तळाचा उंचवटा कसा कमी केला हे सांगायला त्याला वेळ मिळतो. चिखलाला मात्र मिळत नाही.

जाहिरातदाराने आपल्या मालाचा दोष का सांगावा, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पण वर्गात हा लघुपट जाहिरात म्हणून दाखवला जात नाही, संपूर्ण स्पष्टीकरण म्हणून दाखवला जातो. आणि तसा तो अर्धाच आहे. तो चाकांच्या वेगाबद्दल सर्व काही सांगतो, त्यांना मिळणाऱ्या जोराबद्दल काहीच सांगत नाही. गंमत अशी की तो जोर त्याच पट्टीत दडलेला आहे. मधोमध टेकू असलेली पट्टी म्हणजे तराजूची दांडी. तिच्या एका टोकाला जेवढा विरोध होईल तेवढाच दाब दुसऱ्या टोकाकडून देता येतो. विरोध नसेल तर पट्टी नुसती कलते. म्हणजे साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी जवळजवळ सारखाच पीळ देतो. येथे पीळ म्हणजे टॉर्क, आपल्या पुस्तकातील बल-आघूर्ण. वेग वाटून घेण्याची मोकळीक आणि पीळ समान राहण्याची सक्ती ही एकाच पट्टीची दोन अंगे आहेत. एक घ्यायचे आणि दुसरे टाळायचे, असे करता येत नाही.

आकडे घेऊन पाहू. मागच्या प्रत्येक चाकावर ३००० न्यूटन भार आहे. कोरड्या बाजूचा घर्षणांक ०.८ आणि चिखलाचा ०.१ धरू. कोरडे चाक २४०० न्यूटनपर्यंत रेटा देऊ शकते, चिखलातले ३०० न्यूटन. बेरीज २७०० व्हावी अशी आपली अपेक्षा. प्रत्यक्षात चिखलातल्या चाकाला ३०० पेक्षा जास्त विरोध मिळतच नाही, म्हणून कोरड्या चाकालाही ३००च मिळतात. एकूण ६०० न्यूटन. गाडीचे वजन १२००० न्यूटन असेल तर हा तिचा विसावा भाग झाला. खड्ड्याची कड चढायला तो पुरत नाही.

‘ताकद सोप्या वाटेने, मोकळ्या चाकाकडे जाते’, असे वाक्य आपण गॅरेजमध्ये ऐकतो आणि छापलेलेही वाचतो. त्याने मुलांचा गोंधळ होतो. पीळ मोकळ्या चाकाकडे जात नाही, तो दोघांना समानच असतो आणि तोही जेमतेम. शक्ती मात्र तिकडे जाते, कारण शक्ती म्हणजे पीळ गुणिले कोनीय वेग, आणि उभ्या चाकाचा वेग शून्य आहे. पीळ आणि शक्ती यांतला फरक शिकवायला अडकलेल्या ट्रकइतके चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

लघुपटाची उणीव भरून काढायला प्रयोगशाळेतील दोन तानकाटे पुरतात. एका फूटपट्टीच्या दोन टोकांना एकेक तानकाटा अडकवा आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर ओढण्यासाठी दोरा बांधा. एका तानकाट्याचे दुसरे टोक टेबलावरच्या खिळ्याला लावा, दुसऱ्याचे एका विद्यार्थ्याच्या हाती द्या. मध्यावरचा दोरा ओढला की दोन्ही काटे सारखेच आकडे दाखवतात. विद्यार्थ्याने हात सैल सोडला की त्याचा काटा उतरतो. आणि खिळा जागचा हललेला नसतानाही खिळ्याकडचा काटाही उतरतो. खिळा म्हणजे कोरडे चाक, सैल हात म्हणजे चिखल. पट्टी कलताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आता दोरा सोडून पट्टी मध्यावर मुठीत घट्ट धरा आणि ओढा. हात सैल सोडला तरी खिळ्याकडचा काटा पूर्वीइतका उतरत नाही. मूठ पट्टीला सहजासहजी कलू देत नाही आणि त्या विरोधामुळे दोन टोकांच्या जोरांत फरक राहू शकतो. मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल तो हाच. मुठीचे काम त्यात एकावर एक दाबलेल्या घर्षण-चकत्या किंवा खास कोनात कापलेली दंतचक्रे करतात. लघुपट निघाला त्या काळी ही कल्पना अज्ञात नव्हती. फर्डिनंड पोर्शे यांनी ऑटो युनियनसाठी रचलेल्या शर्यतीच्या गाडीचे इंजिन मागे होते आणि ते मागची चाके फिरवी. त्याचा जोर एवढा, की वेगातही एक चाक जागच्या जागी फिरे. १९३५ साली झेडएफ या जर्मन कंपनीने त्यावर असा डिफरन्शियल करून दिला.

तिप्पट फरक चालवून घेणारा डिफरन्शियल वरच्या उदाहरणातल्या गाडीला बसवला तर कोरड्या चाकाला ९०० न्यूटन मिळतील, एकूण १२००, म्हणजे आधीच्या दुप्पट. पण चाक हवेतच लटकले असेल तर? शून्याची तिप्पट शून्यच. केवळ दंतचक्रांवर चालणारा प्रकार येथे हात टेकतो. आधीपासून स्प्रिंगने दाबलेल्या चकत्या असतील तर थोडाफार आधार राहतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत विशेष जाणवते. टायरची पकड पुढे रेटण्यासाठी आणि बाजूला सरकू न देण्यासाठी अशी दोन्हीकडे खर्च होते. जागच्या जागी फिरणाऱ्या टायरकडे बाजूची पकड फारशी उरत नाही. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक फिरले तरी दुसरे गाडीचे शेपूट धरून ठेवते. मर्यादित घसरणीच्या गाडीत निसरड्या वळणावर दोन्ही चाके एकदम सुटू शकतात आणि शेपूट बाहेर जाते. तेव्हा ‘साधा वाईट, मर्यादित घसरणीचा चांगला’ असे वर्गात सांगू नये.

हा पेच ट्रॅक्शन कंट्रोलने वेगळ्या प्रकारे हाताळला. ब्यूइकने १९७१ साली आणलेली मॅक्सट्रॅक यंत्रणा मागची चाके घसरू लागली की इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडी. घसरत्या पृष्ठभागांमधील घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असते, त्यामुळे जोर कमी केल्यावर गाडी अधिक चांगली चालते. मुलांना हे उलटे वाटते, म्हणून ते जरूर सांगावे. पुढे ब्रेकची चाके अडकू न देणारी यंत्रणा रूढ झाली, आणि प्रत्येक चाकाचा वेग मोजण्याची सोय तिच्याबरोबर आयतीच मिळाली. मग घसरणाऱ्या चाकापुरता ब्रेक लावणे शक्य झाले. आमच्या उदाहरणात तो ब्रेक १००० न्यूटनइतका धरा. चिखलातल्या चाकाला एकूण विरोध १३०० झाला, म्हणून कोरड्यालाही १३०० मिळाले. रस्त्यावरचा रेटा १३०० अधिक ३००, म्हणजे १६०० न्यूटन. येथे डिफरन्शियलचा समानतेचा नियम मोडलेला नाही. चिखलातले चाकच मुद्दाम जड केले आहे. इंजिनाची काही शक्ती ब्रेक तापवण्यात जाते, म्हणून हे फार वेळ चालवता येत नाही.

प्रयोगात हेही करता येते. सैल हाताकडचा तानकाटा दुसऱ्या विद्यार्थ्याने बोटांनी अडवायचा आणि सर्वांनी खिळ्याकडचा काटा पाहायचा.

लघुपट दाखवताना आवाज बंद ठेवून मराठीत बोलावे, असे आम्ही सुचवू. चित्रे पुरेशी बोलकी आहेत. हाताने चाक धरल्याचे दृश्य आले की तेथेच थांबवावे आणि विचारावे, ‘हे चाक हाताने नव्हे, कोरड्या जमिनीने धरले असेल तर?’ तानकाटे तोवर टेबलावर मांडून ठेवावेत.