मागे काय ठेवलं

रब्बीत आमच्या पिशोरला शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच असते. गव्हाला दारं धरायचं म्हणजे बॅटरी, फावडं आणि घोंगडी घेऊन बांधावर बसायचं. वाफा भरला की दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. गौताळ्याच्या डोंगराकडून वारा सुटलेला असतो. एक वाफा भरेपर्यंत मोबाइलवर स्नूकरच्या जुन्या सामन्यातली एखादी फ्रेम, म्हणजे एक डाव, बघून होते, हे मला चार-पाच हिवाळ्यांपूर्वी उमगलं. तेव्हापासून हा नाद लागला. १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्याची शेवटची फ्रेम मात्र एका वाफ्यात मावली नाही. ती ६८ मिनिटं चालते.

मी कॅरमवर वाढलेला माणूस. आमच्या गल्लीत कॅरमचा सगळ्यात पक्का खेळाडू कोण, हे सोंगट्या मोजून ठरत नसे. दणादण सोंगट्या घालणारी पोरं पुष्कळ होती. मान होता तो तात्यांना, कारण त्यांचा नेम हुकला तरी समोरच्याला सरळ सोंगटी मिळत नसे. एखादी लाइनच्या आत अडकलेली, एखादी राणीच्या आड, एखादी कडेला चिकटलेली. पोरगं नेम हुकून चुकचुकायला लागलं की तात्या एकच विचारायचे, "गेली नाही ते जाऊ दे, मागे काय ठेवलं?" स्नूकरचे जुने सामने मी याच प्रश्नाच्या काठीने मोजत आलो. माझं ठाम मत आहे की या खेळाचा प्राण चेंडू पॉकेटमध्ये घालण्यात नसून, आपला फटका संपल्यावर टेबलावर काय उरतं यात आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खेळ अफाट सुधारला, पण ही बाजू अंग चोरत गेली.

त्या १९८५ च्या फ्रेमकडेच बघा. इंग्लंडमधल्या शेफिल्डचं क्रूसिबल थिएटर, जेमतेम हजारभर माणसं बसतील एवढं. १९७७ पासून जागतिक अजिंक्यपद तिथेच होतं. एका बाजूला स्टीव्ह डेव्हिस, तोवर तीनदा जगज्जेता, चेहऱ्यावर रेघ न हलवणारा. दुसऱ्या बाजूला उत्तर आयर्लंडचा डेनिस टेलर. टेबलावर वाकल्यावर काचेतून नीट दिसावं म्हणून त्याने खास बनवून घेतलेला मोठा, कपाळापर्यंत चढलेला चष्मा घातलेला. डेव्हिसने पहिल्या आठच्या आठ फ्रेम घेतल्या. तिथून टेलर रांगत रांगत १७-१७ पर्यंत आला आणि पस्तिसावी फ्रेम उरली. पूर्ण सामन्यात एकालाही शतकी ब्रेक, म्हणजे एका दमात शंभर गुण, जमलेला नाही, हे आजच्या प्रेक्षकाला सांगितलं तर तो सामना बघायलाच बसणार नाही.

शेवटच्या फ्रेममध्ये डेव्हिस ६२-४४ ने पुढे. टेबलावर चारच चेंडू राहिलेले: तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा. गुण अनुक्रमे चार, पाच, सहा आणि सात. टेलरला चारही हवेत, एकही सोडून चालणार नाही. तपकिरी लांबवर होता आणि तो घालायला जाणं म्हणजे चुकलो तर जगज्जेतेपद हातात नेऊन देणं. तो गेला आणि त्याने घातला. मग निळा, मग गुलाबी. ६२-५९. आता फक्त काळा. आणि इथून पुढे जे होतं त्याला मी या खेळातला सगळ्यात मोठा प्रसंग मानतो, कारण दोन कसलेली माणसं एका चेंडूभोवती फिरत राहतात आणि दोघांच्याही हातातला कंप दिसतो. टेलर काळा कडेच्या कुशनवर आपटून मधल्या पॉकेटमध्ये घालायला जातो, जमत नाही. सेफ्टी होतात, म्हणजे समोरच्याला सोपं काही न ठेवणारे फटके. पुन्हा संधी येते, पुन्हा हुकते. शेवटी डेव्हिसला एक बारीक काप मिळतो. एरवी हा फटका त्याने झोपेतही घातला असता. काळा जरुरीपेक्षा अंगुळभर जास्त कापला जातो आणि टेलरसाठी उघडा राहतो. टेलर घालतो, क्यू दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो. मध्यरात्र उलटून गेलेली आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख माणसं टीव्हीसमोर जागी. टेलर पूर्ण सामन्यात पहिल्यांदा पुढे गेला तो या शेवटच्या चेंडूवर.

हा खेळ मुळात आपल्या मातीतला. १८७५ च्या पावसाळ्यात जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झालेला तो चेंबरलेन नव्हे) मेसमधल्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवले आणि स्नूकर जन्माला आलं. उटीच्या क्लबात त्याला नियमांची चौकट मिळाली. पुढे जो डेव्हिसने १९२७ मध्ये इंग्लंडात पहिलं व्यावसायिक अजिंक्यपद जिंकलं आणि १९४६ पर्यंत एकूण पंधरा वेळा ते कुणाच्या हाती लागू दिलं नाही. मग दुष्काळ पडला. १९६९ साली बीबीसीला रंगीत टीव्हीवर दाखवायला रंगीत काहीतरी हवं होतं, म्हणून 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम आला आणि हिरव्या कापडावरचे ते बावीस चेंडू घराघरांत पोचले. त्यातूनच ऐंशीचं दशक घडलं.

त्या दशकातले दोन सामने एकमेकांशेजारी ठेवून बघावेत. १९८२ ची उपांत्य फेरी. अॅलेक्स हिगिन्स एका फ्रेमने मागे, आणि या फ्रेममध्ये जिमी व्हाइटने ५९ गुण करून ठेवलेले. एक चूक आणि सामना संपला. हिगिन्स ६९ गुणांचा ब्रेक करतो. तो ब्रेक सुंदर नाही. जवळपास प्रत्येक फटक्यानंतर मारायचा पांढरा चेंडू नको तिथे जाऊन बसतो आणि पुढचा फटका आधीपेक्षा अवघड होतो. तरीही तो एकेक चेंडू असा काढतो, जसा पुरात अडकलेला माणूस एकेक फांदी धरत काठाला लागतो. तो सामना त्याने १६-१५ ने घेतला आणि अंतिम फेरीत रे रिअर्डनला हरवून अजिंक्यपदही घेतलं. शाळेत शिकवण्यासारखी तंत्रशुद्धता त्या ६९ मध्ये नाही. पण मला कुणी एकच ब्रेक जपून ठेवायला सांगितला तर मी १४७ चा, म्हणजे पूर्ण टेबल साफ करून मिळणाऱ्या सर्वाधिक गुणांचा, ठेवणार नाही, हा ठेवीन.

दुसरा १९८३ चा, कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न विरुद्ध वेल्सचा टेरी ग्रिफिथ्स. थॉर्बर्न हळू खेळणारा. त्याला 'ग्राइंडर' म्हणत, म्हणजे जात्यासारखा दळत बसणारा. याच सामन्यात त्याने क्रूसिबलमधला पहिला १४७ केला. सुरुवात मात्र नशिबाने पडलेल्या लाल चेंडूने झाली होती. शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबला आणि तिथला बिल वेर्बेनिक पडद्याआडून डोकावून बघत राहिला. १४७ ची गोष्ट सगळे सांगतात. तो सामना पहाटे ३ वाजून ५१ मिनिटांनी १३-१२ असा संपला, हे कमी जण सांगतात. कंटाळवाणा होता का? काही तास होता, हे मी मान्य करतो. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते लपवू नये. त्या काळात सिगारेट कंपनीच्या पैशावर ही स्पर्धा उभी होती आणि ती २००५ पर्यंत तशीच राहिली, हेही लपवू नये.

मग स्टीफन हेंड्री आला. १९९२ च्या अंतिम सामन्यात जिमी व्हाइट १४-८ ने पुढे असताना हेंड्रीने ओळीने दहा फ्रेम घेतल्या आणि १८-१४ ने जिंकला. याच सामन्यात खेळाने कूस बदलली असं मी मानतो. हेंड्रीने सेफ्टीची भाषा जवळजवळ सोडून दिली. लांबचा लाल घालायचा, निळ्या किंवा काळ्यावर यायचं आणि मग समोरच्याने खुर्चीत बसून बघायचं. पुढे रॉनी ओ'सुलिव्हनने १९९७ मध्ये ५ मिनिटं ८ सेकंदांत १४७ केला. तो बघताना अंगावर काटा येतो, आजही येतो. यात वाईट काही नाही. कापड तलम झालं, टेबलाखालून उष्णता देऊ लागले, चेंडू हलके आणि चपळ आले, पोरं आठव्या वर्षापासून सराव करू लागली. २०२२ च्या जागतिक अजिंक्यपदात एकूण १०९ शतकी ब्रेक झाले.

पण दोघांचा खेळ एकट्याचा होत गेला. जुन्या सामन्यांत दोन माणसं टेबलावरून एकमेकांशी बोलत असत. मी तुझ्यासाठी पिवळ्याच्या आड पांढरा ठेवला, आता तू काय ठेवतोस बघू. आज तो संवाद फ्रेमच्या सुरुवातीच्या तीन-चार फटक्यांत आटोपतो आणि मग एकजण भाषण करतो. उत्तम भाषण असतं. तरी ते भाषणच.

हे सगळं आपल्याला माहीत असायला हवं होतं, कारण मागे काय ठेवायचं याचं शास्त्र ज्या खेळातून स्नूकरमध्ये आलं त्या बिलियर्ड्सचे मोठे गुरू आपल्याकडचे. बिलियर्ड्समध्ये तीनच चेंडू. आपला चेंडू दुसऱ्या दोघांना लागला तर कॅनन, दोन गुण. लाल घातला तर तीन. लालला लागून आपलाच चेंडू पॉकेटमध्ये गेला तरी तीन. म्हणजे इथे फटका यशस्वी झाला की नाही याला फार अर्थ नसतो. तीन चेंडू पुन्हा जवळ राहिले का, एवढाच प्रश्न. कसलेला खेळाडू ते कुशनजवळ गोळा करतो आणि बोटभर अंतराने हलवत राहतो. लांबून बघणाऱ्याला काहीच घडत नाही असं वाटतं, आणि गुण चढत असतात.

पुण्यात १९२२ साली जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद जिंकलं. स्वतंत्र भारताचा कुठल्याही खेळातला तो पहिला जगज्जेता. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा जिंकलं. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशा तीन वेळा तोच किताब आणला आणि १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली. क्रिकेटपटूला पद्मभूषण मिळतं तर जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला का नाही, हा त्यांचा सवाल होता. दोन वर्षांनी त्यांना पद्मभूषण मिळालं. त्यांच्या बाजूने उभं राहणारे तेव्हा थोडे होते आणि आज मला वाटतं ते शंभर टक्के बरोबर होते.

आणि १९९२. शेफिल्डमध्ये हेंड्री त्या दहा फ्रेम घेतो त्याच वर्षी मुंबईत व्यावसायिक बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद झालं. अहमदाबादच्या गीत सेठी यांनी ते जिंकलं आणि एका ब्रेकमध्ये १२७६ गुण केले. हेंड्रीच्या दहा फ्रेम जगभर माहीत आहेत. मुंबईतले ते १२७६ आमच्या कन्नड तालुक्यात किती जणांना माहीत असतील? मराठी वाचकाला कुस्तीतल्या पकडी तोंडपाठ असतात, क्रिकेटचे धावफलक पाठ असतात. या कलेवर आपण जिव्हाळ्याने लिहिलंच फार कमी, आणि जे लिहिलं जात नाही ते पुढच्या पोरांपर्यंत पोचत नाही.

यामागे टेबलाचंही कारण आहे. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, खाली पाच दगडी पाट्या, भोवती क्यू फिरवायला मोकळी जागा. हे जिमखान्यातच परवडतं, आणि जिमखान्याचं सभासदत्व आपल्यासारख्याला नाही. तालुक्याच्या ठिकाणी जिथे टेबल आलं तिथे छोटं, पूलचं आलं आणि सोबत धूर आला. मी कॉलेजात असताना शहरातल्या अशाच एका हॉलमध्ये महिनाभर गेलो. घरी कळल्यावर वडिलांनी काही विचारलं नाही, पण आई दोन दिवस बोलली नाही. त्या हॉलमधल्या मार्करने मला क्यू धरायला शिकवलं होतं. त्याची बोटं खडूने कायम निळी असत. तो म्हणायचा, पांढऱ्याला सांगून पाठवायचं, जा आणि इथे थांब.

चीनने मात्र हे टेबल पोरांपर्यंत नेलं. २०१३ मध्ये दिल्लीत झालेल्या इंडियन ओपनमध्ये मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोचला. मानांकन स्पर्धेच्या अंतिम फेरीतला तो पहिला भारतीय. समोर चीनचा डिंग जुनहुई होता आणि आदित्य ०-५ ने हरला. २०२५ मध्ये झाओ शिनटोंग जगज्जेता झाला. जबलपूरला जन्मलेल्या खेळाला पहिला आशियाई व्यावसायिक जगज्जेता दीडशे वर्षांनी मिळाला तो चीनकडून. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००९ मध्ये माइक रसेलला हरवून व्यावसायिक बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद घेतलं होतं. पण स्नूकरच्या व्यावसायिक सर्किटवर तोही दोनच हंगाम टिकला. एकट्या माणसाच्या अंगावर किती टाकायचं?

गेल्या माघात तात्या आजारातून उठले होते. आता हात थरथरतो, कॅरम बंद आहे. त्यांच्या ओटीवर बसून मी त्यांना टेलरने घातलेला तो काळा चेंडू दाखवला. क्यू डोक्यावर धरलेला टेलर बघून ते हसले नाहीत की काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा नाही रे, याच्या आधीचा दाखव." मी डेव्हिसचा हुकलेला काप लावला. "त्याच्याही आधीचा." असं करत करत आम्ही मागे गेलो, एकेक सेफ्टी, एकेक हुकलेला फटका, गुलाबी, निळा. लांबच्या तपकिरीपाशी आलो तेव्हा तात्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि मोबाइल डोळ्यांजवळ ओढून म्हणाले, "थांब. हा पुन्हा एकदा लाव."